जुन्या जीपला डिझेल इंजिन बसवताना क्राऊन-पिनियन कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न असा: दारव्ह्याजवळच्या गावात आजोबांची १९६८ ची सीजे-३बी जीप उभी आहे, तिचं पेट्रोल इंजिन संपलं. भंगारात निघालेल्या महिंद्रा एमएम ५४० जीपचं २११२ सीसीचं प्युजो डिझेल तिच्याच चार गिअरच्या बॉक्ससकट मिळतंय, टॉप गिअर एकास एक (इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून अ‍ॅक्सलकडे जाणारा दांडा, सारखेच फिरतात). तर मागचं क्राऊन-पिनियन (शाफ्टचं फिरणं चाकांच्या अ‍ॅक्सलला देणारी दात्यांची जोडी) ५.३८ चं ठेवावं, ४.८८ घ्यावं, की मित्र म्हणतो तसं ४.२७?

टायर ६.००-१६ चेच राहणार असतील तर ४.८८, आणि तेही पुढे-मागे दोन्हीकडे. ७.००-१६ टाकणार असाल तर ५.३८ ला हातच लावू नका. ४.२७ डोक्यातून काढा.

मी माझी जीप केली तेव्हा आमच्या मिस्तरीनं पहिला प्रश्न विचारला, "भाऊ, गाडी पयवाची हाय का वढवाची?" मला तेव्हा राग आला होता, कारण मला दोन्ही हवं होतं. पण या आकड्यांचा सगळा खेळ तेवढाच आहे. आकडा म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फेरे घेतो ते; तो मोठा तेवढी ओढ जास्त आणि धाव कमी. ५.३८ म्हणजे क्राऊनला ४३ दाते आणि पिनियनला ८. ४.८८ म्हणजे ३९ आणि ८.

हिशेब स्वतः करा, कोणाच्या तोंडावर जाऊ नका. टायरला खडूची खूण करा, माणसं बसवून गाडी ढकला आणि चाकाचा एक फेरा जमिनीवर किती पडतो ते टेपनं मोजा. ६.००-१६ ला हे साधारण २.२ मीटर भरतं. म्हणजे ताशी ८० ला चाक मिनिटाला ६०६ फेरे घेतं. त्याला ५.३८ नं गुणा: इंजिन ३,२६० वर. ४.८८ नं गुणा: २,९६०. ४.२७ नं गुणलं तर २,५९०, आणि हाच आकडा ऐकून तुमचा मित्र भुलला असणार.

त्यात तो विसरतो ते असं. ५.३८ वरून ४.२७ वर गेलात की प्रत्येक गिअरमधली ओढ वीस टक्क्यांनी घटते. हे इंजिन बिनटर्बोचं आहे, खालच्या फेऱ्यांवर त्याच्याकडे उधार द्यायला काही नसतं. दिवाळीच्या सुमारास मागे ट्रॉलीत कापूस भरलाय, पांदण ओली आहे, काळी माती चाकाला धरून बसली आहे, अशा वेळी पहिल्या गिअरवर उठवताना क्लच जळल्याचा वास येईल. घाटात टॉप गिअर धरणारच नाही, तिसऱ्यावर यावं लागेल आणि मग फेरे पुन्हा वरच. ४.८८ मध्ये ओढ नऊ टक्क्यांच्या आसपासच घटते. तेवढी तूट चालून जाते.

आता टायरची गंमत. ७.००-१६ चा फेरा साधारण २.३६ मीटर. म्हणजे ५.३८ तसंच ठेवून नुसते टायर बदलले तरी ८० ला इंजिन ३,०४० वर येतं, जवळपास ४.८८ एवढंच. अ‍ॅक्सलचं हाउसिंग न उघडता काम झालं. मात्र स्टिअरिंग जड होतं, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली ही गाडी थांबायला आणखी आळस करते. मोठे टायर आणि ४.८८ दोन्ही एकत्र केलं तर ओढीचा आकडा ४.५५ च्या घरात जातो. तेवढं मी शेतीच्या गाडीला करणार नाही.

आधी तुमच्या गाडीत खरंच ५.३८ आहे का ते बघा. इतक्या वर्षांत कोणी काय बसवलं असेल सांगता येत नाही. पुढच्या चाकांना दगड लावा, मागचं एकच चाक जॅकवर उचला, गिअर न्यूट्रल, फोर व्हील बाहेर. हँडब्रेक सोडलेला हवा, कारण या जीपचा हँडब्रेक चाकावर नसून ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागून पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या शाफ्टवर असतो, तो ओढलेला असेल तर शाफ्ट फिरणार नाही. उचललेलं चाक वीस फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. एकच चाक फिरतं म्हणून शाफ्टचे फेरे निम्मेच येतात: ५४ च्या आसपास आले तर ५.३८, ४९ आले तर ४.८८.

दोन्हीकडे बदला म्हणतोय, ते माझ्याच मूर्खपणावरून. मला पुढचं ४.८८ मिळेना, म्हणून मी फक्त मागचं बदललं. चिखलात फोर व्हील लावलं तर चाकं घसरून पुढच्या-मागच्या आकड्यांतला फरक खाऊन टाकतात, म्हणून दोन महिने काही कळलं नाही. एकदा पांदणीतून डांबरीवर आलो आणि फोर व्हीलची लिव्हर काढायची विसरलो. शे-दोनशे मीटरवर गाडी बांधल्यासारखी झाली, लिव्हर निघेना, आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांध्यातला जोड) आवाज करून तुटला. पुढचा सेट मिळत नसेल तोवर मागचाही उघडू नका.

सेट घेताना जोडीनंच घ्या. क्राऊन आणि पिनियन एकमेकांबरोबर घासून तयार केलेले असतात, एक इथला आणि एक तिथला घेतला तर रडतात. बसवताना मिस्तरीला दातांना रंग लावून छाप बघायला सांगा, छाप दाताच्या मध्यावर यायला हवी. शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) न बदलता "बसलं" म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा. पहिले काही दिवस ट्रॉली जोडू नका.

४.८८ बसवल्यावर स्पीडमीटर खोटं बोलेल: खरे ६० असताना साधारण ५४ दाखवेल, कारण केबल ट्रान्सफर केसमधून निघते. मोठ्या टायरवरही असंच, फक्त थोडं कमी.

आणि इंजिन उचलायच्या आधी आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली इंजिन बदलायला परवानगी लागते, इथं तर इंधनही बदलतंय. भंगारवाल्याकडून त्या एमएम ५४० चे कागद इंजिन नंबरसकट मागा. तो "कागद नंतर देतो" म्हणाला तर इंजिन तिथंच राहू द्या.