संधिवाताने सुजलेला गुडघा बरा झालाय, मुलगी डोळ्यांची काही तक्रार करत नाही. तरीही दर तीन महिन्यांनी डोळे तपासायलाच हवेत का?

हो, हवेतच. तुमची मुलगी साडेचार वर्षांची आहे, लहान मुलांचा हा संधिवात (जेआयए) मोजक्या सांध्यांत आहे आणि एएनए (रक्तातल्या एका प्रतिपिंडाची तपासणी) पॉझिटिव्ह आहे असं तुम्ही लिहिलंय. डोळ्यांना सगळ्यात जास्त धोका असलेला गट नेमका हाच.

आमच्या लेकीचं निदान झालं तेव्हा ती तीन वर्षांची होती. सकाळी पाय ओढत चालायची, दहा वाजता धावायची. औषधांनी गुडघ्याची सूज उतरली आणि आम्ही सैलावलो. डोळ्यांची एक तारीख बुडवली. पुढच्या वेळी स्लिट लॅम्पच्या (डोळ्याच्या आत बघायच्या सूक्ष्मदर्शकाच्या) पट्टीवर हनुवटी टेकवून ती हसत बसली होती आणि डॉक्टर मात्र बराच वेळ काही बोलेनात. डाव्या डोळ्यात दाहाच्या पेशी तरंगत होत्या. डोळा लाल नाही, दुखणं नाही, पाणीही नाही!

हा युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला दाह, असाच गुपचूप येतो. सांधे शांत असले म्हणजे डोळाही शांत असेल असं नसतं. उशीर झाला तर बाहुलीची कड मागच्या लेन्सला चिकटते, मोतीबिंदू होतो, डोळ्यातला दाब वाढतो. त्यात स्टिरॉइडचे थेंब फार दिवस चालले तर तेही मोतीबिंदू आणि काचबिंदू करू शकतात, म्हणून ते मनाने सुरू किंवा बंद करू नका. चष्म्याचा नंबर काढून आणणं म्हणजे ही तपासणी नव्हे, हेही सांगून ठेवते. आमचा तोच गैरसमज होता.

सापडलं तर उपाय आहेत. मेथोट्रेक्सेट हे दाह दाबणारं औषध आठवड्यातून एकदाच असतं (रोज नाही, हे घरात सगळ्यांना बजावा). ते चालू असूनही दाह न हटलेल्या 90 मुलांवर ब्रिटनमध्ये ॲडालिमुमॅबची (प्रतिकारशक्तीला आवर घालून दाह रोखणाऱ्या इंजेक्शनची) चाचणी झाली, निष्कर्ष 2017 मध्ये आले. नुसत्या मेथोट्रेक्सेटवर 60 टक्के मुलांत उपचार अपयशी ठरले, जोडीला ॲडालिमुमॅब दिलेल्यांत 27 टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. दुष्परिणाम मात्र ॲडालिमुमॅबच्या गटात जास्त दिसले, तेव्हा जंतुसंसर्गाबद्दल आधी विचारून घ्या.

औषध कमी केलं किंवा बंद केलं की डोळे महिन्याभरातच दाखवा. आमच्या लेकीचा दाह दुसऱ्यांदा तेव्हाच उलटला होता.