२५० ग्रॅमच्या आतला ड्रोन आणि अमेरिकेतली नॅशनल पार्क्स

तुम्ही विचारलंय की झायन आणि ग्रँड कॅन्यनला जाताना २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन नेला तर तिथे उडवता येईल का, आणि नाहीच तर हद्दीबाहेरून सोडून आत नेला तर चालेल का.

पहिल्याचं उत्तर ‘नाही’. २५० ग्रॅमची सवलत एफएएकडच्या (म्हणजे अमेरिकेच्या हवाई वाहतूक खात्याकडच्या) नोंदणीपुरती, तीही हौस म्हणून उडवत असाल तर. पार्कच्या बंदीला वजनाशी देणंघेणं नाही. जून २०१४ मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिसने सगळ्या पार्कांना ही बंदी घालायला लावली. दंड ५,००० डॉलरपर्यंत, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ड्रोनच्या ॲपवर विसंबू नका. झायनच्या पार्किंगमध्ये माझ्या ॲपने खुशाल हिरवा कंदील दाखवला होता आणि दहा पावलांवर ड्रोनवर फुली मारलेली पाटी उभी होती.

दुसरा प्रश्न जास्त मजेचा आहे. बंदी आहे ती पार्कच्या जमिनीवरून किंवा पाण्यावरून ड्रोन सोडायला, उतरवायला आणि चालवायला. वरचं आकाश एफएएच्या अखत्यारीत. म्हणजे बाहेर उभं राहून ड्रोन नुसता वरून नेला तर ही बंदी मोडत नाही. पण लगेच हुरळून जाऊ नका. ड्रोन सतत नजरेसमोर हवा. कड्याआड गेला की एफएएचा नियम मोडलात. बॅटरी संपून आत पडला तर पंचाईत वेगळीच. आणि प्राण्यांना त्रास देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

‘प्राणी तर शांत होता’ हे रेंजरला सांगू नका. २०१४ मध्ये झायनमध्येच एका ड्रोनने बिगहॉर्न मेंढ्यांचा कळप उधळला, पिल्लं मोठ्यांपासून तुटली. ते निदान डोळ्यांना दिसलं. मिनेसोटात काळ्या अस्वलांच्या अंगात हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बसवून वरून ड्रोन नेले, तेव्हा बहुतेक अस्वलं जागची हललीही नाहीत, पण ठोके वाढले. एकाचे तर मिनिटाला शंभराहून जास्त वाढले. २०१५ साली हे छापून आलं. तेव्हापासून मी प्राणी दिसला की ड्रोन मागे घेतो.

उडवायचाच असेल तर नॅशनल फॉरेस्ट किंवा बीएलएमची (सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याची) जमीन शोधा. झायनच्या आसपास ती भरपूर आहे. नकाशावर ‘विल्डरनेस’ लिहिलेला भाग तेवढा वगळा, तिथून सोडता-उतरवता येत नाही. स्टेट पार्कांचे नियम जागोजागी वेगळे, आधी फोन करा. हौस म्हणून उडवायचा तर वजन कितीही असो, ‘ट्रस्ट’ ही ड्रोनच्या सुरक्षित वापराची ऑनलाइन परीक्षा द्यावीच लागते. ती फुकट आहे आणि अर्ध्या तासात होते. प्रमाणपत्र लगेच सेव्ह करा, ते नंतर पुन्हा काढून मिळत नाही.

उन्हाळ्यात जात असाल तर त्या सकाळी वणव्यामुळे हवाई बंदी लागलीय का ते बघा. आग विझवणारी विमानं फार खालून उडतात, आणि एक ड्रोन दिसला तरी ती थांबवावी लागतात.