डिस्टोपियन कादंबऱ्या, म्हणजे दडपशाहीखालच्या भयाण काल्पनिक जगाच्या, वाचून नुसती निराशा येत असेल तर त्या वाचायच्या कशाला? मराठीत असं काही आहे का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमचा मित्र या पुस्तकांना ‘रिकामटेकड्यांची भीती’ म्हणतो. तेवढ्या दोन शब्दांसाठी हे उत्तर लिहितोय, कारण जवळपास याच शब्दांत मला एकदा चारचौघांत गप्प बसवलं गेलंय.

आधी सरळ उत्तर. वाचा. निराशा येईल, थोडी यायलाच पाहिजे. जॉर्ज ऑरवेल या इंग्रज लेखकाचं ‘१९८४’ संपवून ज्याला त्या रात्री नीट झोप लागली, त्यानं ते वाचलं नाही, पानं उलटली.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी कोल्हापूरचा. शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडत पेढ्यांवर दिवाणजी म्हणून नोकरी केली. कीर्द, खतावणी, शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हमाली-तोलाई वजा जाता देणं किती, हे माझं रोजचं काम. साहित्याचा पदवीधर नाही. पण वही म्हणजे काय हे मला चांगलं कळतं, आणि ‘१९८४’ हे मुळात वहीचं पुस्तक आहे. लोकांच्या लक्षात त्यातला मोठा भाऊ, म्हणजे हुकूमशहा, राहतो, माणसांवर नजर ठेवणारा भिंतीवरचा टेलिस्क्रीन राहतो. माझ्या लक्षात त्याचा नायक विन्स्टन स्मिथ याची नोकरी राहिली. तो माणूस सरकारी खात्यात बसून जुनी वर्तमानपत्रं ‘दुरुस्त’ करतो. काल छापलेलं आज अडचणीचं झालं की कालचा अंक नव्यानं छापायचा आणि जुना भट्टीत घालायचा. चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० वर येतं, आणि लगेच ते वाढवून २० केल्याबद्दल लोक आभार मानायला रस्त्यावर उतरतात. आदल्या दिवशीची कपात कुणालाच आठवत नाही. तिथं मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. हे मी यार्डात बघितलेलं होतं.

पहिल्या नोकरीतली गोष्ट. पेढीचं नाव घेत नाही. हंगाम भरात होता, यार्डात रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्प्या लागलेल्या. राधानगरीकडचे एक शेतकरी गूळ घेऊन आले होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. चाळीस रवे, एकेक तीसेक किलोचा. सौदा निघाला, वजन झालं, वही मी लिहिली. ११ क्विंटल ९२ किलो. पुढच्या आठवड्यात शेठनी त्या पंधरवड्याची पानं नव्या वहीत उतरवून घेतली, दुसऱ्या माणसाकडून. जुन्या वहीवर तेल सांडलं म्हणून. तेल सांडलं होतं हेही खरं.

मग अण्णा पट्टी न्यायला आले. नव्या वहीत वजन ११ क्विंटल ५२. काट्यावरची चिठ्ठी अण्णांकडं नव्हती, सदऱ्याच्या खिशात राहून धुतली गेली होती. पण त्यांनी घरून कॅलेंडरचं पान आणलं होतं, भिंतीवरनं फाडून, चार घड्या घालून. सतरा तारखेच्या चौकटीत निळ्या पेनानं लिहिलेलं, ‘४० रवे, ११-९२’. अक्षर त्यांच्या सातवीतल्या मुलीचं. सौदा करून घरी गेलं की हातपाय धुवायच्या आत ते तिच्याकडून आकडा लिहून घ्यायचे, दर खेपेला.

शेठनी वही त्यांच्याकडं फिरवली. अण्णांनी वही बघितली, पान बघितलं, पुन्हा वही बघितली. लाल कापडाची बांधणी, ओळीनं नावं, कुठं खाडाखोड नाही. आणि म्हणाले, ‘पोरीचंच चुकलं असंल लिवताना.’

शेठना घाबरून ते तसं बोलले नाहीत. मी त्यांचं तोंड बघत होतो, त्यांना खरोखरच तसं वाटलं. वजन होताना काट्याशेजारी स्वतः उभे होते, आकडा स्वतःच्या कानांनी ऐकला होता. तरी वही समोर आली आणि डोक्यातला आकडा पुसला गेला.

मी म्हणालो, ‘अण्णा, पोरीचं बरोबर हाय. काट्याची चिठ्ठी मीच लिवून दिलीती. ब्याण्णव.’ शेठ माझ्याकडं बघत राहिले, मग हसून म्हणाले की उतरवताना चूक झाली असेल, आणि ब्याण्णवची पट्टी झाली. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघाले तेव्हा मी त्या पेढीवर नव्हतो. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही नाही. चाळीस किलो गुळाचे पैसे तसे किती? पण एक बाप आपल्या लेकीच्या अक्षरावरचा विश्वास काढून घेताना मी समोर बसून बघितला, आणि ते माझ्या मनातून कधी गेलं नाही.

पुढं काही वर्षांनी करवीर नगर वाचन मंदिरातून ‘१९८४’ आणलं. त्यानंतरची ही दुसरी गोष्ट, जिच्यामुळं मी तुमच्या प्रश्नावर थांबलो. राजारामपुरीत रविवारी सकाळी आमचा वाचनकट्टा भरायचा. पुढच्या खेपेला हे पुस्तक घेऊया असं मी सुचवलं. कट्ट्यावर एक निवृत्त प्राध्यापक होते, सगळे त्यांना सर म्हणायचे, त्यांचा शब्द शेवटचा. सर म्हणाले, ‘ही युरोपची भीती आहे हो. हिटलर, स्टालिन त्यांनी भोगले. आपल्याकडं दुष्काळ आहे, कर्ज आहे, जात आहे. कल्पनेतल्या हुकूमशहाला घाबरायला आपल्या माणसाला सवड कुठाय?’ लोक हसले. मी अण्णांची हकिकत सांगितली. सरांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, ‘अनुभव चांगला आहे. यावर ग्रामीण कथा लिहा. त्याला ऑरवेल कशाला लागतो?’

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, आता देतो. ग्रामीण कथा लिहिली असती तर ती एका लबाड शेठची आणि एका गरीब शेतकऱ्याची झाली असती. वाचणाऱ्याचे डोळे पाणावले असते, शेठला चार शिव्या पडल्या असत्या आणि विषय मिटला असता. ऑरवेल त्याच्या पुढचं विचारतो. समजा, सगळ्या मुलखातल्या वह्या एकाच शेठच्या हातात आल्या, आणि घरात कॅलेंडर ठेवायलाही बंदी झाली, तर अण्णांच्या डोक्यात काय उरेल? हा ‘समजा’ काढून घेतला तर तो प्रश्न विचारताच येत नाही. माझ्या लेखी या सगळ्या साहित्याचं काम एवढंच आहे. डोळ्यांसमोर घडलेली एक बारकी गोष्ट उचलायची आणि ती देशभर लागू करून शेवटपर्यंत नेऊन दाखवायची.

आणि ‘युरोपची भीती’ हे तर साफ चूक. ऑरवेलचा जन्म १९०३ चा, बिहारमधल्या मोतिहारीचा. बाप ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात. तो स्वतः १९२२ ते १९२७ ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. सत्ता माणसाशी काय करते याचे पहिले धडे त्यानं लंडनमध्ये घेतले नाहीत, इंग्रजांच्या अमलाखालच्या आशियात घेतले. शिवाय आपल्याच बंगालच्या लेखिका बेगम रोकेया यांनी १९०५ साली ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा लिहिली, मद्रासच्या मासिकात छापून आली. त्यात बायका विज्ञानाच्या जोरावर राज्य चालवतात आणि पुरुष पडद्याआड बसतात. ती डिस्टोपिया नाही, उलट सुखाचं स्वप्न आहे, पण ‘समजा’ म्हणण्याची हिंमत आपल्या मातीत नव्हती असं कुणी म्हणत असेल तर त्याच्यापुढं ती थोडीशी पानं ठेवावीत.

आता निराशेचं. मला निराशा येते ती आळशी पुस्तकांनी. जग बुडालं, वीज गेली, आणि दुसऱ्या प्रकरणात माणसं एकमेकांचे गळे कापायला लागली, असल्या कादंबऱ्या ढिगानं निघतात. लिहिणाऱ्यांनी संकटातली माणसं बघितलेली नसतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली, धोक्याची पातळी ४३ आहे. शिरोलीजवळ महामार्ग बंद, पेट्रोल नाही, उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्यामुळं निम्मं शहर पुरात आणि नळाला थेंब नाही. कादंबरीच्या हिशोबानं तिसऱ्या दिवशी लुटालूट व्हायला हवी होती. आमच्याकडं तालमींच्या पोरांनी होड्या काढल्या आणि गल्लोगल्ली भाकरी थापल्या जात होत्या. भांडणं झाली, पुढं मदतीच्या याद्यांमध्ये गडबडी झाल्या, तेही बघितलं. पण ते पाणी उतरल्यावर, कागद निघाल्यावर. म्हणून सांगतो, उपासमारीपेक्षा यादीची भीती ज्याला दाखवता येते तो लेखक खरा.

बाकीच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात. हक्सलेचं ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’, १९३२ चं. कल्पना अफाट, माणसं पुठ्ठ्याची. शेवटाकडं मुस्तफा माँड या त्या जगातल्या सत्ताधाऱ्याशी वाद होतो तेवढ्यासाठी वाचावं. झाम्यातिन या रशियन लेखकाचं ‘वी’ या सगळ्यांच्या आधीचं. छापलं गेलं १९२४ साली, तेही इंग्रजीत न्यूयॉर्कला, खुद्द रशियात यायला १९८८ उजाडलं. काचेची घरं, नावाऐवजी नंबर. ऑरवेलनं ते वाचून त्यावर लिहिलंही होतं. वाचायला अवघड आहे, पहिलं म्हणून घेऊ नका. अ‍ॅटवुडचं ‘द हँडमेड्स टेल’ १९८५ चं. माणसानं इतिहासात कुठंतरी आधी केलेलं नाही असं काहीही पुस्तकात घालायचं नाही, हा तिचा नियम होता, आणि म्हणूनच ते अंगावर येतं. ब्रॅडबरीचं ‘फॅरनहाइट ४५१’, १९५३ चं, मला सगळ्यांत जवळचं. त्यानं त्याचा पहिला खर्डा एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात, अर्ध्या तासाला १० सेंट भाड्यानं मिळणाऱ्या टंकयंत्रावर बडवला. त्यात पुस्तकं जाळणारा अधिकारीच सांगतो की सुरुवात सरकारनं केली नव्हती, वाचणं आधी लोकांनीच सोडलं. वाचनकट्ट्यावर येणाऱ्यांची संख्या कशी घटत गेली हे ज्यानं बघितलंय त्याला हे निराळं समजावून सांगावं लागत नाही. हल्ली मुलामुलींना मैदानात सोडून लढवणाऱ्या ज्या कादंबरी-मालिका येतात, त्यांतल्या दोन-तीन चाळल्या. राज्य कसं चालतं याचा त्यांत पत्ता नसतो, नुसती पळापळ.

मराठीत काय, असं तुम्ही विचारलंय. विज्ञानकथा भरपूर आहे, सत्तेच्या भीतीवरची सबंध कादंबरी विरळ. आणि विज्ञानकथेतही शास्त्रज्ञानं पान-पानभर समजावून सांगायची खोड फार. जयंत नारळीकर मात्र वाचाच. जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा, आणि आमच्या गावात याचा म्हणावा तेवढा अभिमान बाळगला जात नाही याचं मला वाईट वाटतं. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. जयंत विष्णू नारळीकर या स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी. जगभर नाव असलेल्या माणसानं नाव लपवून स्पर्धेत उतरावं आणि बक्षीस मिळवावं, हे मला त्यांच्या कथेइतकंच आवडतं. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासरावांना लागलेली गोळी नुसती चाटून जाते, मराठे पानिपत जिंकतात आणि पुढचा सगळा इतिहास वेगळ्या रस्त्यानं जातो. कथेतल्या प्राध्यापक गंगाधरपंतांच्या हाती पुरावा म्हणून एक फाटकं पान उरतं. ऐतिहासिक कादंबऱ्यांवर पोसलेल्या आपल्या वाचकाला या प्रकारात आणायला याहून चांगला दरवाजा नाही. सरांना मी तेव्हा हीच कथा वाचायला द्यायला हवी होती, पानिपतावर ते तासभर बोलायचे.

दोन गोष्टी राहिल्या. ‘१९८४’ वाचताना मधे गोल्डस्टाइन या त्यातल्या सरकारच्या शत्रूच्या पुस्तकातला लांबलचक उतारा येतो, तिथं अडकलात तर पुढं जा आणि नंतर परत या. इंग्रजी जड जात असेल तर ऑरवेलचे मराठी अनुवाद मिळतात, त्यात कमीपणा काही नाही. आणि तुमचं स्वतःचं सध्या बरं चाललेलं नसेल, घरात आजारपण असेल, झोप उडालेली असेल, तर यातलं काहीच आत्ता घेऊ नका. मी वर झोपेबद्दल जे लिहिलं ते धडधाकट माणसासाठी. एकापाठोपाठ दोन तर कुणीच वाचू नयेत.

मित्राला आधी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ द्या, एका बैठकीत होतं. त्यानंतरही तो म्हणाला की यात काय आहे, तर त्याला पटवत बसू नका. तुम्ही तोवर ‘फॅरनहाइट’ सुरू करा.