स्पॅनिशमधला ‘या’: सुरुवातीला एवढंच

वहीत ‘या म्हणजे आधीच’ असं लिहिलं असेल तर ते खोडा. बहुतेकांची गाडी तिथेच अडते. त्यापेक्षा अख्खी वाक्यं पाठ करा:

– या येगो: पोचलासुद्धा.
– या बोय: आलोच.
– या एस्ता: झालं.

खरी मेहनत ‘या नो’वर घ्या. ‘या नो कोमो कार्ने’ म्हणजे पूर्वी मांस खायचो, आता नाही. ‘अजून नाही’साठी ‘तोदाबीया नो’. नवशिके हे दोन हमखास उलटे वापरतात आणि अर्थच फिरतो.

अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरेसकडच्या बोलण्यात ‘या’ हाच शब्द ‘शा’ असा ऐकू येईल, गोंधळू नका. ‘या के’ (म्हणजे ‘कारण’) सध्या राहू द्या. रोज थोडं ऐकत राहा, नक्की जमेल तुम्हाला.