मेकॅनिकलसाठी लॅपटॉप घेतोयस तर आधी हे बघ

अ‍ॅडमिशन झाली, मस्त! लॅपटॉप घेऊ की टॅबलेटवर भागेल, हा तुझा प्रश्न ना? आधी सीनियर्सना विचार की सॉफ्टवेअर कुठली लागतात, कारण सॉलिडवर्क्ससारखी थ्रीडी डिझाइनची सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतात, मग टॅबलेट नुसता नोट्सपुरता उरतो आणि परत खर्च.

बाकी एवढंच:
- रॅम (चालू कामाची मेमरी) १६ जीबी. ८ चा घेतलास तर पुढे वाढवता येते का ते विचारूनच घे, पातळ मॉडेलमध्ये बऱ्याचदा ती मदरबोर्डलाच सोल्डर केलेली, म्हणजे पक्की जोडलेली असते
- ५१२ जीबी एसएसडी (फाइल्स साठवायची फास्ट ड्राइव्ह)
- सर्व्हिस सेंटर जवळ हवं, सबमिशनच्या तोंडावर मशीन दुसऱ्या शहरात पाठवायची वेळ नको

नवीन मुलं इंटेलच्या आय ७ प्रोसेसरचा स्टिकर बघून भुलतात, पण जुन्या जनरेशनचा आय ७ नव्या आय ५ पेक्षा स्लो असू शकतो. आणि अडीच किलोचा गेमिंग लॅपटॉप रोज एसटीतून नेणार का? बेंचमार्क (स्पीड टेस्टचे आकडे) वगैरे आत्ता सोड. बजेट सांग, मॉडेल बघू.