चेहरा सुजला म्हणून गोळी सोडली

त्वचारोग विभागात समुपदेशन करताना पेम्फिगसच्या, म्हणजे तोंडात आणि अंगावर फोड येणाऱ्या एका आजाराच्या, रुग्णांकडून एक प्रश्न हमखास येतो : "स्टेरॉइडची गोळी सोडली तर चालेल का?" बहुतेकदा हा प्रश्न माझ्यापर्यंत येतो तेव्हा गोळी सोडूनही झालेली असते.

अशाच एका ताईंबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चाळिशीच्या आतल्या, सातारा जिल्ह्यातल्या, घरी शिवणकाम करणाऱ्या. आजार तोंडापासून सुरू झाला. गालाच्या आतून आणि टाळ्याला चट्टे पडले. तिखट सोडाच, भाकरी चावतानाही डोळ्यांत पाणी यायचं. 'उष्णता झाली' म्हणून सब्जा, गुलकंद, मग बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, यात काही महिने गेले. पेम्फिगस व्हल्गॅरिस या प्रकारात असं फार वेळा घडतं. अंगावर फोड येण्याच्या कितीतरी आधी तोंड येतं, आणि त्याकडे कुणी गांभीर्याने बघत नाही. पुढे छाती-पाठीवर पाण्याचे फोड आले. मऊ, हात लागला की फुटणारे. गावात कुणी नागीण म्हटलं, ती उतरवूनही झाली.

आमच्याकडे दाखल झाल्या तेव्हा पाठ सोलून निघाली होती. चादर जखमेला चिकटायची आणि उचलताना कातडी घेऊन यायची, म्हणून त्यांना केळीच्या पानांवर झोपवलं होतं. बायोप्सी आणि इम्युनोफ्लुरोसन्स या कातडीच्या तुकड्याच्या तपासण्यांनी निदान पक्कं झालं. प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी सुरू झाली, जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन. नवे फोड थांबले, जखमा भरल्या, त्या घरी गेल्या.

काही महिन्यांनी परत आल्या त्या फोड घेऊनच. डॉक्टरांना म्हणाल्या, "गोळ्या रोज घेते." माझ्या टेबलावर मात्र पिशवीतून पट्ट्या काढल्या तेव्हा त्या जवळजवळ भरलेल्याच होत्या. "रागावू नका," हे त्यांचं पहिलं वाक्य. ओपीडीत बोलणी खावी लागतात म्हणून रुग्ण खोटं बोलतात, आणि त्या खोट्यावर पुढचा डोस ठरतो. ही गोष्ट मला फार लागते. म्हणून "का सोडल्या?" असं न विचारता मी विचारलं, "गोळी जड कधीपासून व्हायला लागली?"

त्या म्हणाल्या, "पुतणीच्या हळदीत जावेनं फोटो काढला. त्यात मी मलाच ओळखली नाही." चेहरा गोल झालेला, हनुवटीवर लव. नातेवाइकांनी 'अंगावर आलीस' म्हणून घेतलं, शेजारणीने स्टेरॉइड म्हणजे विष असं सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाल्या, "फोड गेले तरी सासूबाईंनी माझं ताट-तांब्या वेगळाच ठेवला. मग गोळ्या खाऊन मिळवलं काय?"

त्यांची गोळी सुटली ती इथे. म्हणून मी आधी ताटाचा विषय घेतला. पुढच्या भेटीला यजमान आणि सासूबाई दोघांनाही बोलावलं. कातडीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, डेस्मोग्लिन. या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्याच्यावर हल्ला करते, पेशी सुटतात आणि मध्ये पाणी भरतं. यात जंतू नाहीच, तर तो पसरणार कुठून? स्पर्शाने नाही, उष्ट्याने नाही, एका अंथरुणात झोपल्याने नाही. सासूबाईंनी विचारलं, "आणि हिच्या पोरांना?" एकाच घरात दोघांना हा आजार होणं फार विरळ, हे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं.

गोळीबद्दलही आडपडदा ठेवला नाही. स्टेरॉइडने साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग लवकर होतो. हे खरं आहे, म्हणूनच तपासण्या असतात, कॅल्शियम असतं, आणि ताप आला तर घरी न थांबता यायचं असतं. पण स्टेरॉइड येण्याआधी, १९५० च्या आधीच्या काळात, या आजाराचे बहुतेक रुग्ण दगावत, हेही तितकंच खरं. शिवाय मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या स्टेरॉइडसारखंच द्रव्य रोज तयार करतात. बाहेरून भरपूर मिळू लागलं की त्या काम थांबवतात, आणि पुन्हा कामाला लागायला त्यांना आठवडे, कधी महिने लागतात. गोळी एकदम तोडली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं, जिवावर बेतणं, काहीही होऊ शकतं. डोस पायरीपायरीने उतरवायचा असतो, आणि तो उतरतो तसा चेहराही उतरतो. हे शेवटचं वाक्य ताईंनी मला दोनदा म्हणायला लावलं.

मग त्यांच्या संमतीने आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो आणि खरं काय ते सांगितलं. त्यामुळे उपचारांचा विचार नव्याने करता आला. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८२ मध्ये पल्स उपचार सुरू केले : दर २८ दिवसांनी सलग तीन दिवस डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं सलाइन, त्यात एक दिवस सायक्लोफॉस्फमाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. हजारो रुग्ण त्यावर बरे राहिले. आता रिटुक्सिमॅब आहे, हल्ला करणारी प्रतिपिंडं जिथून तयार होतात त्या पेशी कमी करणारं सलाइनमधलं औषध. फ्रान्समधल्या ९० रुग्णांच्या अभ्यासात, जो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, रिटुक्सिमॅब आणि थोडे महिने स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी गोळ्यांशिवाय फोडमुक्त होते. नुसत्या स्टेरॉइडवर असलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होतं. ताईंना डॉक्टरांनी तेच सुचवलं. आधी हिपॅटायटिस बी आणि क्षयाची तपासणी झाली, मग पंधरा दिवसांच्या अंतराने एकेक ग्रॅमची दोन सलाइनं. खर्चाचं कोडं समाजसेवा अधीक्षकांनी बसून सोडवलं. पैशाची अडचण असेल तर त्यांना आणि रुग्णालयातल्या सरकारी आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला जरूर भेटा, लाजू नका.

गोळीचा उतरता डोस यजमानांनी कालनिर्णयच्या चौकोनात लिहून ठेवला. ४० वरून उतरत उतरत सध्या तो ५ मिलिग्रॅमवर आहे. जेवायला सगळे एका पंगतीत बसतात, असं सासूबाईंनीच सांगितलं. तोंडात अधूनमधून एखादा चट्टा येतो. तेव्हा ताई गोळ्यांना हात लावत नाहीत, आधी फोन करतात आणि दाखवायला येतात.