बोर्डाची मागची बाजू

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

रोज किती वेळ रंगवावं आणि प्रयोग केव्हापासून सुरू करावेत, असे दोन प्रश्न तू वेगवेगळे विचारलेस. तैलरंगात ते वेगळे काढता येत नाहीत. जलरंगात काय चुकलं ते कागद अर्ध्या तासात सांगून टाकतो. तेल आज काहीच बोलत नाही. चार दिवसांनी थोडं बोलतं, तीन महिन्यांनी बरंचसं आणि उरलेलं काही वर्षांनी. आज रंगात काय मिसळलं होतं ते लिहून ठेवलं नाहीस, तर उत्तर येईल तेव्हा प्रश्नच आठवणार नाही. म्हणून पहिली सवय ही लाव: प्रत्येक बोर्डाच्या मागे पेन्सिलीने तारीख, अस्तर कोणतं आणि किती हात, तेल कोणतं, टर्पेंटाइन किती आणि ट्यूबवरचे रंगाचे क्रमांक. पाच ओळी पुरतात.

तू फोटो पाठवलास त्या निसर्गचित्रात डोंगराच्या जाड भागावर सुरकुत्या आल्या आहेत आणि दोन महिने झाले तरी खालून रंग मऊच आहे. चुकीचं तेल टेबलावरच उभं आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं ‘डबल बॉइल्ड’ जवस तेल दारं-खिडक्यांसाठी असतं. त्यात सुकवणारे धातूंचे क्षार घातलेले असतात. त्यामुळे वरची साय भराभर धरते, खालचा रंग ओलाच राहतो, आणि हवा घेऊन फुगणाऱ्या वरच्या सायीला पसरायला जागा नसल्यामुळे ती सुरकुतते. तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, सुरुवातीला तर त्याचं वजन वाढतं. जाड थरात हवा आत पोचायलाच वेळ लागतो. त्यात तू वरून आणखी तेल ओतलंस. ती बाटली खिडकीच्या चौकटींसाठी ठेवून दे.

चित्रकलेच्या दुकानातलं रिफाइन्ड लिनसीड, म्हणजे शुद्ध केलेलं जवस तेल, घे. १०० मिलीची बाटली तुला वर्षभर पुरायला हवी. त्याआधी संपली, तर तू तेल जास्त घालते आहेस. ट्यूबमध्ये रंगाला लागणारं तेल आधीच असतं. वरून घालायचं माध्यम (तेल-टर्पेंटाइन) रंगाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेव.

स्वयंपाकघरातलं तेल चालेल का, असंही विचारलं आहेस. खोबरेल आणि शेंगदाणा कधीच वाळत नाहीत, त्यांचा विचार सोड. पण आपल्या रब्बीतली दोन तेलं खरंच चित्रकाराची आहेत: जवस आणि करडई. अनेक कंपन्या पांढरा रंग करडईच्याच तेलात घोटतात, कारण ते जवसापेक्षा कमी पिवळं पडतं. मात्र ते सावकाश वाळतं आणि त्याचा थर जवसाइतका चिवट नसतो. तरीही पिशवीतलं करडई तेल रंगात घालू नकोस. खाण्याचं तेल खवट होऊ नये म्हणून त्यात जे मिसळतात तेच त्याला वाळूही देत नाही, आणि करडईच्या काही नव्या वाणांचं तेल तर मुळातच वाळणारं नसतं. हृदयाला चांगलं, कॅनव्हासला वाईट.

घाण्याचं जवस तेल मात्र प्रयोगाला उत्तम. काचेच्या बाटलीत अर्धं तेल, अर्धं पाणी आणि चमचाभर मीठ घालून पाच मिनिटं जोरात हलव आणि एक दिवस ठेव. तेल आणि पाणी यांच्यामध्ये एक गढूळ, बुळबुळीत थर जमेल. हाच चिकटा तेल काळवंडायला मदत करतो. वरचं तेल अलगद काढून घे आणि पुन्हा धू. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत तीन-चार वेळा करावं लागतं, शेवटच्या एक-दोन वेळा मीठ नको. मग पसरट काचेच्या भांड्यात जेमतेम अर्धा सेंटिमीटर उंचीचं तेल ओत, वर काच ठेव, पण हवा जाईल अशी फट राहू दे, आणि उन्हात ठेवून रोज ढवळ. साय धरू द्यायची नाही. काही आठवड्यांत रंग फिका होतो आणि तेल मधासारखं दाट होतं. ते रंगात थोडंसं घातलं की ब्रशच्या रेघा बसून पृष्ठभाग सपाट, चकचकीत होतो. हा उद्योग मार्च-एप्रिलचा. आता पावसाच्या तोंडावर सुरू करू नकोस.

आता रोजचं काम. दीड तास पुरे, पण रोज. कॅनव्हास नको, ८ × १० इंचांचे एमडीएफचे तुकडे कापून घे, ६ मिमी जाडीचे. ३ मिमीचा तुकडा एका बाजूने जेसो (रंगाखालचं पांढरं अस्तर) लावला की वाकतो. दोन्ही बाजूंना आणि कडांना जेसोचे दोन हात दे, पुढच्या बाजूला तिसरा, आणि मध्ये बारीक पॉलिश पेपर फिरव. (मागे लिहायचं असल्यामुळे जेसो तसाही हवाच.) स्वस्त जेसो फार शोषतो. बोर्डावर तेलाचा एक थेंब टाकून पाहा. क्षणात जिरून डाग पसरला, तर तुझ्या रंगातलंही तेल असंच जिरणार आणि वाळल्यावर ठिकठिकाणी मेलेले, मॅट पट्टे दिसणार. तुझ्या आकाशात तेच झालं आहे. अशा बोर्डाला जेसोचा आणखी एक हात दे.

पहिले तीन महिने चारच रंग: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन. पांढरा इतरांच्या तिप्पट काढ. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून काळ्याच्या इतका जवळ गडद रंग देतात की काळ्या ट्यूबची गरज पडत नाही, शिवाय तो हवा तसा गार किंवा उबदार करता येतो. समोर मांडायला स्टीलचा तांब्या, कांदा, लसणाचा गड्डा. तांब्या कठीण वाटेल. त्यात खोली, खिडकी आणि तू स्वतः दिसशील. पण चकाकीचा पांढरा ठिपका नेमका किती छोटा असतो हे तांब्याइतकं कुणी शिकवत नाही.

पहिली दहा मिनिटं ब्रशला हात लावायचा नाही. पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवायच्या बोथट सुरीने, रंगाचे पाच ढीग कर, सर्वांत गडद ते सर्वांत उजळ, आणि समोरच्या वस्तूशेजारी नाइफ धरून ताडून पाहा. डोळे किलकिले केल्यावर नाइफवरचा रंग वस्तूत मिसळला पाहिजे. नंतरचा तासभर त्या पाच ढिगांतूनच रंगव. मोठा फ्लॅट ब्रश, बारीक ब्रश शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत बाहेर नको. चित्र बिघडलं तर नाइफने खरवडून टाक. खाली उरतो तो फिकट ठसा दुसऱ्या दिवशीसाठी सुंदर अस्तर असतो. पुष्कळदा तो चित्रापेक्षा बरा दिसतो, तेव्हा तसाच ठेव.

आठवड्यातला एक दिवस प्रयोगाचा. त्या दिवशी एकच गोष्ट बदलायची. तेलही नवं, ब्रशही नवा, अस्तरही नवं असं केलंस, तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

पहिला प्रयोग वाळण्याच्या तक्त्याचा. बोर्डावर पेन्सिलीने चौकटी आख. आडव्या ओळींत तुझे चार रंग आणि त्यांच्याबरोबर बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक. उभ्या स्तंभांत: ट्यूबमधून थेट पातळ थर, थेट जाड थर, टर्पेंटाइन घालून, जवस तेल घालून. रोज ठरलेल्या वेळी प्रत्येक चौकटीच्या कडेला बोट टेकवून पाहा आणि कोरडा लागला की तारीख टाक. अंबर दोन-तीन दिवसांत कोरडा होईल, कारण त्यातलं मँगनीज तेलाला घाई करतं. आयव्हरी ब्लॅक आठवडा किंवा जास्तही घेईल. हा फरक एकदा बोटाला कळला, की काळ्याने रेखाटन करून त्यावर अंबरचा थर का चढवायचा नाही ते सांगावं लागत नाही. खालचा थर अजून हलतो आहे आणि वरचा कडक झाला, की भेग पडणारच.

‘कमी तेलावर जास्त तेल’ हा नियम याच कारणासाठी आहे. पहिल्या थरात रंग आणि अगदी थोडं टर्पेंटाइन. दुसऱ्यात रंग ट्यूबमधून जसा येतो तसा. तिसऱ्यात हवं तर जवस आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, तेही थेंबाने. पहिल्या थरात टर्पेंटाइनचा पूर करू नकोस. वाळल्यावर फडकं फिरवून रंग पावडरीसारखा उतरला, तर त्याला धरून ठेवणारं तेलच उरलेलं नाही. आणि टर्पेंटाइनची परीक्षा आधी घे: पांढऱ्या कागदावर एक थेंब टाक. काही तासांत मागमूस राहिला नाही तर ठीक. तेलकट डाग राहिला तर ते भेसळीचं किंवा जुनं होऊन चिकट झालेलं आहे, ब्रश धुवायला ठेव. रॉकेल तर रंगात कधीच नको.

मेलेल्या पट्ट्यांवर उपाय सोपा आहे. रंग स्पर्शाला पूर्ण कोरडा झाल्यावर जवस आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं घेऊन तलम सुती कापडाने अगदी थोडं चोळ आणि पाच मिनिटांनी सगळं पुसून काढ. ‘सगळं’ या शब्दावर जोर आहे. जे उरतं ते पुढे पिवळं पडतं.

दुसरा प्रयोग रंग उडण्याचा. तुझ्या पेटीत अ‍ॅलिझरिन क्रिमसन हा गडद लाल रंग आहे. ट्यूबवर बारीक अक्षरांत पीआर ८३ लिहिलं असेल, तर तो उजेडात फिका पडतो, पांढऱ्यात मिसळल्यावर तर लवकरच. अठराव्या शतकातल्या इंग्रज चित्रकार रेनॉल्ड्सने रंगवलेल्या चेहऱ्यांची लाली त्याच्या हयातीतच उडू लागली होती. व्हॅन गॉगने रंगवलेल्या आर्लमधल्या शयनगृहाच्या चित्रात भिंती आज निळ्या दिसतात, कारण जांभळ्यातला तांबडा निघून गेला. दोघांच्याही वेळी कारण लाल रंग हेच. तू पीआर ८३ आणि पीव्ही १९ क्रमांकाचा क्विनॅक्रिडोन हा टिकाऊ रंग यांच्या दोन पट्ट्या कर, प्रत्येकीत नुसता रंग आणि पांढरा मिसळलेला रंग. वाळल्यावर अर्धा भाग अॅल्युमिनियम फॉइलने घट्ट झाक आणि पश्चिमेच्या खिडकीत तीन-चार महिने टांग. ट्यूबवरचे क्रमांक वाचायची सवय यातूनच लागते. पीडब्ल्यू ६ टायटॅनियम, पीडब्ल्यू ४ झिंक. नुसत्या झिंकचा थर कालांतराने ठिसूळ होऊन खालच्या थरापासून सुटतो, म्हणून मोठ्या चित्राच्या तळाशी तो नको.

तिसरा प्रयोग रंग उचलण्याचा, हा मला सर्वांत आवडतो. ओल्या, जाड रंगावर वर्तमानपत्राचा कागद ठेव, तळहाताने दाब आणि सोलून काढ. जास्तीचं तेल आणि रंग कागदावर येतो, खाली मऊ, धूसर पृष्ठभाग राहतो. लंडनच्या स्लेड शाळेतले हेन्री टोंक्स हे शिकवत, म्हणून इंग्रजीत याला त्यांचंच नाव आहे. आपल्याकडे अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी रोलर, पॅलेट नाइफ आणि कागदाचे तुकडे वापरून थरांवर थर चढवत-काढत जे केलं ते प्रत्यक्ष पाहायला मिळालं तर जवळून पाहा, छापील चित्रात ते थर दिसत नाहीत. रोलर घेशील तर रबराचा, दोन इंची. स्पंजाचा नको, तो रंग पितो आणि बुडबुडे सोडतो.

उरलेला रंग फेकू नकोस. झाकणाच्या सपाट डब्यात काचेवर ठेव आणि डब्याच्या कोपऱ्यात कापसावर लवंग तेलाचा एक थेंब टाक. रंग आठवडाभर ओला राहतो. थेंब रंगात पडता कामा नये, नाहीतर तो चित्रातही तसाच ओला राहील.

ब्रश आधी कागदाने पुसायचा, मग टर्पेंटाइनमध्ये, मग कपड्यांच्या साबणाच्या वडीवर घासून तळहातावर फेस पांढरा येईपर्यंत. पत्र्याच्या पट्टीपाशी रंग अडकला की केस फाकतात. आडवा वाळव.

फडक्यांबद्दल मात्र मी ओरडूनच सांगतो. जवस तेलाची फडकी चुरगाळून टोपलीत टाकलीस तर ती वाळताना आतल्या आत तापतात आणि कुणी काडी न लावता पेट घेतात. दोरीवर सुटी पसर, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लाव. आळस करायची जागा ही नव्हे.

पावसाळ्यात चित्रं भिंतीला चिकटवून ठेवू नकोस. मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटव, म्हणजे हवा खेळेल आणि बुरशी धरणार नाही. कपाटातही कोंडू नकोस. अंधारात जवस तेल पिवळं पडतं. पडलंच तर काही आठवडे उजेडात ठेव, बरंचसं परत उजळतं. हेही करून पाहण्यासारखं आहे: पांढऱ्या रंगाचे दोन सारखे बोर्ड, एक कपाटात, एक भिंतीवर. व्हार्निशची घाई नको. पातळ चित्राला सहा महिने, जाडाला वर्ष. कडेला टर्पेंटाइनचा बोळा हलकेच फिरवून रंग उतरतो का पाहायचं. उतरला तर थांबायचं.

वाळण्याचा तक्ता याच आठवड्यात कर, म्हणजे पाऊस लागायच्या आधीचे आकडे हातात येतील. मग जुलैत, खोली ओलसर असताना, तोच तक्ता त्याच ट्यूबांनी पुन्हा कर. दोन्हींचे फोटो पाठव, मागच्या बाजूचेही.

तुझा,
काका